बेटावरची पहिली शेती



शाळेत गुरुजींनी विचारले, "भारताचे दक्षिण टोक कोणते?" की मुले एका सुरात सांगतात, "कन्याकुमारी." मुख्य भूमीपुरते ते उत्तर बरोबर आहे. पण आपला देश तेथे संपत नाही. बंगालच्या उपसागरात अंदमान आणि निकोबार बेटांची लांबलचक माळ आहे. त्या माळेच्या अगदी खालच्या टोकाला ग्रेट निकोबार नावाचे बेट आहे. त्याचे इंदिरा पॉइंट हे टोक म्हणजे भारताचे खरे दक्षिण टोक. तेथून सुमात्रा बेट त्या मानाने जवळ आहे. आणि अंदमानातले मुख्य शहर, ज्याला आपण पोर्ट ब्लेअर म्हणून ओळखतो आणि ज्याचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम् झाले, ते मात्र तेथून साडेपाचशे किलोमीटरांवर आहे. मुंबईहून सडकेने गोव्याला जायचे, जवळजवळ तेवढे अंतर. फरक एवढाच, की मध्ये सडक नाही, समुद्र आहे.

या बेटावर १९६९ ते १९८० या काळात सरकारने निवृत्त सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबे वसवली. त्यांत पंजाबातली पुष्कळ होती. केरळ, कर्नाटक, तामिळनाडू अशा इतर राज्यांतलीही होती, आणि आपल्या महाराष्ट्रातलीही काही होती. पूर्व किनाऱ्यावर जंगल साफ करून कॅम्पबेल बे, गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी गावे उभी राहिली. देशाच्या दक्षिण सीमेवर आपली माणसे असावीत, हा सरकारचा हेतू. आणि नोकरी संपल्यावर चार एकर आपल्या नावावर असावेत, ही त्या माणसांची आशा.

आता ही वसाहतीची योजना १९८० मध्येच संपली. तेव्हा कोणी उठून तेथे जमीन मागायला जावे, यासाठी काही मी आज बोलत नाही. पण थोडा विचार करून बघा. गडचिरोलीच्या भामरागडकडे पावसाळ्यात नद्या फुगल्या, की गावे कित्येक दिवस तुटून पडतात. कोयनेच्या जलाशयापलीकडे अशी गावे आहेत, की तेथे होडीशिवाय जाणे नाही. ही सगळी आपली बेटेच, नाही का? अशा ठिकाणी नव्याने शेती मांडणाऱ्याने सुरुवात कोठून करावी, हे समजून घ्यायला ग्रेट निकोबारसारखा दुसरा धडा नाही. तोच आज आपण वाचू.

पहिली गोष्ट पाण्याची.

तुम्ही म्हणाल, चहूकडे समुद्र आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तेथे पाण्याची काय वाण? पण नवखा फसतो तो येथेच. पाऊस मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि डोंगर लहान असल्यामुळे ओढ्यांतून लगोलग समुद्रात जातो. या बेटांच्या माळेत जानेवारी ते एप्रिल हे दिवस त्या मानाने कोरडे. माणसाला आणि गुराला पिण्याचे पाणी लागते ते रोज. वर्षाच्या सरासरीने तहान भागत नाही.

बरे, विहीर खणावी म्हटले तर बेटाच्या किनाऱ्यावरची विहीर ही मोठी नाजूक चीज. जमिनीखाली गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते आणि खारे पाणी जड म्हणून खाली राहते. ढोबळ हिशेब असा, की समुद्राच्या पातळीपेक्षा गोडे पाणी एक हात वर असेल तर त्याच्या खाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी असते. म्हणजे उपसा करून वरची पातळी अर्धा हात खाली आणली, की खालचे खारे पाणी वीस हात वर चढू पाहते. म्हणून किनाऱ्यालगतच्या विहिरीवर मोठा पंप बसवून ती एका दिवसात उपसायची नसते. थोडे थोडे पाणी काढायचे, विहिरीला दम खाऊ द्यायचा. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडच्या जुन्या माणसांना हे शास्त्र पुस्तकाशिवाय कळते. एकदा विहीर मचूळ झाली, की ती गोडी व्हायला किती पावसाळे जातील ते सांगता येत नाही.

मग उपाय काय? पन्हळ. छपराच्या पागोळ्यांखाली पन्हळ लावावी आणि पाणी टाकीत घ्यावे. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. छप्पर चाळीस चौरस मीटरांचे असेल आणि पाऊस शंभर मिलिमीटर पडला, तर चार हजार लिटर. त्यातला काही भाग उडून, सांडून, पहिल्या धुण्यात जाईल असे धरा. आता घरात पाच माणसे. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर, म्हणजे रोजचे पन्नास. कोरडे दिवस नव्वद. म्हणजे साडेचार हजार लिटरांची टाकी भरलेली असली, की उन्हाळा निभावला. एवढे पाणी तर पावसाळ्यातल्या दोन-तीन चांगल्या झडींत छपरावरून वाहून जाते! तेव्हा बेटावर बिऱ्हाड मांडणाऱ्याने पहिला पैसा बियाण्यावर घालू नये. तो पन्हळीवर आणि टाकीवर घालावा.

दुसरी गोष्ट बोटीची. माझ्या मते बेटावरच्या शेतीचे सगळे मर्म या एका गोष्टीत आहे.

मुख्य भूमीवरचा शेतकरी पेरणीच्या वेळी दोन गोष्टी बघतो, जमीन आणि बाजार. बेटावर या दोहोंच्या मध्ये बोट उभी असते. समुद्र खवळला, यंत्र बिघडले, फेरी रद्द झाली, की माल धक्क्यावर पडून राहतो. आज ग्रेट निकोबारला जहाज जाते, हेलिकॉप्टरही जाते, दूरध्वनी आणि इंटरनेटही पोचले आहे. तरी टोपलीभर टोमॅटो काही इंटरनेटवरून पाठवता येत नाहीत. म्हणून बेटावर पिकाची निवड करताना एक प्रश्न आधी विचारायचा असतो. हे पीक किती पैसे देईल, हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की बोट महिनाभर आली नाही तर हे पीक थांबेल का?

या प्रश्नाने पिकांच्या आपोआप दोन राशी पडतात. भाजी, केळी, दूध, अंडी, मासळी ही थांबत नाहीत. ती घराच्या आणि शेजाऱ्यांच्या पोटात जावीत एवढीच करावीत. नारळ, सुपारी, मिरी, लवंग ही थांबतात. ती वाळवून, पोत्यात बांधून, कोरड्या जागी ठेवली की बोटीची वाट बघू शकतात. निकोबार बेटांवर नारळाला आणि खोबऱ्याला एवढे महत्त्व आले ते काही उगाच नव्हे. शिवाय वजनाचाही हिशेब आहे. हजार नारळ सोडणासकट बोटीवर चढवायचे म्हणजे टनभर तरी ओझे झाले. तेच सोलून, फोडून, नीट वाळवले, की खोबरे भरते साधारण दीडशे किलो. भाडे कशाचे द्यायचे, सोडणाचे की खोबऱ्याचे? सोडण तर आपल्या माडाच्या आळ्यातच पुरायला उपयोगी. पाणी धरून ठेवते, खतही होते. मात्र खोबरे वाळवताना घाई करू नये. त्यात शेकडा सहाच्या वर ओल राहिली, तर दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि मालाचा दर पडतो. पावसाच्या देशात उन्हाचा भरवसा नाही, म्हणून धूर न लागता ऊब मिळेल अशी भट्टी लागते. ती चार घरांनी मिळून बांधली तर परवडते.

बोटीचा हाच नियम येणाऱ्या मालालाही लागू आहे. पाच माणसांच्या घराला माणशी अर्धा किलो धरला, तर रोज अडीच किलो तांदूळ लागतो. महिन्याला पंचाहत्तर किलो. एवढा तांदूळ कणगीत नेहमी शिल्लक असला पाहिजे. मीठ, काड्यापेट्या, औषधे, कंदिलाचे किंवा बॅटरीचे सामान, विळ्या-कोयत्याची पाती, पंपाचा वॉशर, या वस्तू संपल्यावर आणायच्या नसतात. अर्ध्यावर आल्या की मागवायच्या असतात. बेटावर सुगृहिणीची परीक्षा तिच्या फडताळात होते, असे म्हटले तरी चालेल. आणि आपण बघतो, की पुरुषमंडळी जमिनीकडे धावतात, पण नव्या जागी संसार टिकतो तो घरातल्या बाईच्या या हिशेबावर.

तिसरी गोष्ट जमिनीची.

जंगल तोडलेली नवी जमीन काळीभोर दिसते. नवखा म्हणतो, काय हे सोने! पहिले पीक येतेही जोमाने. पण अतिपावसाच्या जंगलात जमिनीचा कस पुष्कळसा वरच्या पालापाचोळ्यात आणि झाडांतच साठलेला असतो. झाडे गेली, पाला जाळला, जमीन उघडी पडली, की दोन-तीन पावसाळ्यांत वरचा कस समुद्राला मिळतो आणि खाली लाल, भुकेली माती उरते. म्हणून चढावरची जमीन कधी उघडी ठेवू नये. आडवे बांध घालावेत, पायऱ्या पाडाव्यात, दोन झाडांमधल्या जागेत चवळीसारखे जमीन झाकणारे पीक घ्यावे, पाला जाळण्याऐवजी आळ्यात कुजवावा. कोकणातल्या वरकस जमिनीची आणि घाटावरच्या डोंगरउताराची कथा यापेक्षा वेगळी नाही.

अंदमानात १९४९ पासून पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची जी कुटुंबे वसवली, त्यांना ढोबळ मानाने पाच एकर सपाट भातजमीन आणि पाच एकर चढाची जमीन, अशी वाटणी मिळत असे. या वाटणीत मोठे शहाणपण आहे. सखल भागात भाताची खाचरे, चढावर नारळ-पोफळी आणि मसाल्याची झाडे, मधल्या उंचवट्यावर घर, गोठा आणि परसबाग. गोव्याकडच्या कुळागराची ज्यांना ओळख आहे त्यांना हे नवे नाही. माडाच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरवेल, खाली केळ आणि हळद. एकाच जमिनीत चार मजले. आणि समुद्राकडच्या बाजूला वाऱ्याला अडवणारी झाडे राखलीच पाहिजेत. तेथे उंडी रानातच मिळते. आपल्या किनाऱ्यालाही उंडी आहे, सुरू आहे. खारा वारा थेट आत आला, की भाजीची पाने कडेने करपतात. जागा मोकळी दिसावी म्हणून किनाऱ्याची झाडे तोडणारा माणूस स्वतःच्या घराचे दार काढून टाकतो.

आता या चार मजल्यांवर उत्पन्न कधी येते, ते बघा. माड सहा-सात वर्षांनी धरतो. पोफळीला पाच-सहा वर्षे. मिरी तिसऱ्या वर्षी हाताला लागते. केळीला वर्षभर. सुरण, करांदे, कणगरे यांना आठ-नऊ महिने. रताळी चार महिन्यांत, भेंडी दीड-दोन महिन्यांत, आणि माठाची भाजी महिनाभरात पानात पडते. नवखा माणूस बहुधा वरच्या टोकाकडे बघतो. सगळी जमीन नारळाने भरून टाकतो आणि सात वर्षे खायचे काय हे मग सुचते. तेव्हा कर्ज होते, जमीन गहाण पडते किंवा घरातला कर्ता मजुरीला जातो आणि बाग तणात जाते. म्हणून ही शिडी खालून चढायची. माठ, भेंडी, रताळी पहिल्याच महिन्यात. भात पहिल्या पावसात. केळ आणि कंद पहिल्या वर्षात. आणि माडाचे रोपही पहिल्याच वर्षात लावायचे, पण त्याच्यावर चूल अवलंबून ठेवायची नाही. साडेसात मीटरांवर एक माड लावला तर एकरी सत्तरच्या आसपास बसतात. त्यांच्यामधली जागा पहिली पाच वर्षे उन्हातच असते. ती रिकामी का ठेवावी?

जोडीला कोंबड्या असाव्यात. निकोबारी कोंबडी ही या बेटांची स्वतःची जात आहे. आखूड पायांची, काटक आणि अंड्याला चांगली म्हणून ती ओळखली जाते. बाहेरची नाजूक जात बोटीने आणून तिच्यासाठी बोटीने खाद्य मागवायचे, यापेक्षा हवापाण्याला सरावलेली ही जात नवख्याला कितीतरी बरी.

शत्रूंचीही ओळख करून घेऊ. माडाच्या कोंबाला गेंड्या भुंगा पोखरतो. कुजकी खोडे आणि शेणाचे उघडे ढीग ही त्याची प्रसूतिगृहे, ती साफ ठेवली की निम्मे काम होते. अंदमानात आफ्रिकी गोगलगाय हा भाजीचा मोठा वैरी आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात जपान्यांचा तेथे कबजा होता, तेव्हा ती तेथे आली. ग्रेट निकोबारात लांब शेपटीची माकडे नारळ तोडून फोडतात, आणि खाड्यांमध्ये सुसरी आहेत. पण येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. गोगलगाय पाहुणी आहे. माकडे आणि सुसरी त्या बेटाच्या मूळच्या रहिवासी आहेत. पाहुणे म्हणाल तर आपणच!

आणि हे माणसांच्या बाबतीतही खरे आहे. ते बेट रिकामे नव्हते. निकोबारी आणि शोंपेन हे लोक तेथे पूर्वापार राहतात. शोंपेन तर दोन-तीनशेच्या आसपासच उरलेले, जंगलात फिरून पोट भरणारे लोक आहेत. त्यांच्या रक्षणासाठी १९५६ पासून कायदा आहे, आणि सैनिकांची वसाहत उभी राहिली ती त्यांच्याच राखीव प्रदेशातून वेगळ्या काढलेल्या पट्ट्यावर. हे सांगितल्याशिवाय वसाहतीची गोष्ट पुरी होत नाही. शिवाय नवख्या शेतकऱ्याला त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ होते. निकोबारी लोकांची जुनी घरे खांबांवर उचललेली असत. केवड्याच्या कुळातल्या एका झाडाच्या मोठ्या फळाचा गर शिजवून ते खातात. नारळ, डुकरे, मासळी आणि हे फळ, यांतले बोटीवर काही अवलंबून नाही. बेटावर कसे राहावे, याचे उत्तर तेथे आधीपासून लिहिलेले होते.

श्रोतेहो, एवढे सगळे नीट केले म्हणजे झाले का? येथे मला थांबून एक कठीण गोष्ट सांगायची आहे.

२६ डिसेंबर २००४. रविवार होता. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या समुद्रात प्रचंड भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. ग्रेट निकोबार हे त्या भूकंपाच्या अगदी शेजारी. लाटांनी किनाऱ्याच्या वसाहती धुऊन नेल्या, माणसे गेली. पण लाटा तरी परत गेल्या. जमीन मात्र खचली ती खचलीच. इंदिरा पॉइंटजवळ ती चार मीटरांहून अधिक खाली गेली. १९७२ साली उभारलेला तेथला दीपस्तंभ जमिनीवर होता, त्याचा पाया पाण्यात गेला. पंचवीस-तीस वर्षे राबून केलेली कित्येकांची भातखाचरे आणि माड-पोफळीच्या बागा कायमच्या समुद्राखाली गेल्या. ज्यांनी चाळिशीत कुदळ हातात घेतली होती, त्यांना सत्तरीत पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा होता. सरकारने निवारे दिले, पुढे घरे बांधून दिली, भरपाई दिली. पण सहा-सात वर्षे वाट पाहून वाढवलेला माड भरपाईत मिळत नाही.

यावरून कोणी म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला? समुद्र एक दिवस घेऊनच जाणार! मला तसे वाटत नाही. उलट, पहिल्या दिवशी काय शिकावे, हे त्या दिवशी फार स्पष्ट झाले. घर उंचवट्यावर का असावे? सगळी जमीन एकाच पातळीवर का नसावी? किनाऱ्याचे झाड का राखावे? चढावर थोडी मिरी, थोडी केळ, थोडे कंद का असावेत? सात-बारा, वाटपाचे कागद, बँकेचे पुस्तक, यांच्या नकला घरापासून दूर, दुसऱ्या कोणापाशी का ठेवाव्यात? कारण जमीन बुडाल्यावर ती आपली होती हे सांगणारा तो कागदच राहतो, आणि तोही वाहून गेला तर माणूस दुसऱ्यांदा बुडतो.

ज्या जमिनी खचल्या नाहीत, पण ज्यांच्यावरून खारे पाणी गेले, त्यांची कथा आशेची आहे. नमक पावसाने धुतले जाते, मात्र पाण्याला बाहेर जायला वाट हवी. अंदमानातल्या केंद्रीय कृषी संशोधन संस्थेने अशा सखल, पाणथळ जमिनींसाठी एक पद्धत पसरवली. शेतात रुंद चर खणायचे आणि निघालेल्या मातीचे उंच, रुंद वाफे करायचे. पावसाने वाफ्यांतले मीठ धुऊन निघते आणि वर भाजी होते. चरात पाणी साठते, त्यात भात घ्यावा किंवा मासे सोडावेत. एकाच शेतात भाजी, भात आणि मासळी. आपल्या रायगड-रत्नागिरीच्या खार जमिनीतला शेतकरी हे ऐकून मान डोलवील. मुंबई राज्यात १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला. समुद्राचे पाणी अडवणारे बांध राखण्याची परंपरा त्याच्याही आधीची. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने मिठाला दाद न देणारे भाताचे वाण काढले. दोन किनारे दोन हजारांहून अधिक किलोमीटरांच्या अंतरावर, पण धडा एकच.

शेवटची गोष्ट शेजाऱ्याची. तिला मी शेवटी ठेवले आहे, कारण तिच्यावाचून वरच्या सगळ्या गोष्टी लंगड्या पडतात. बेटावर मजूर मिळत नाही, यंत्र दुरुस्त करणारा मिळत नाही, डॉक्टर लांब असतो. ग्रेट निकोबारच्या त्या गावांत पंजाबी, मराठी, मलयाळी, तमिळ घरे शेजारी शेजारी होती. एकाला गहू ठाऊक, दुसऱ्याला माड. ज्याला माडावर चढता येते त्याने चढावे, ज्याला विहीर बांधता येते त्याने बांधावी, आणि लावणीला सगळ्यांनी एकमेकांच्या खाचरात उतरावे. आपल्याकडे याला सावड म्हणतात. नव्या जागी गेलेल्या माणसाने पहिल्या पावसाळ्यात शेजाऱ्याच्या शेतावर चार दिवस जास्त काम करावे. ते दिवस फुकट जात नाहीत. बँकेत नसलेले ते भांडवल आहे, आणि पुराने ते भिजत नाही.

आज ग्रेट निकोबारवर पुन्हा बदलाचे वारे आहेत. मोठे बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे नगर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ साली पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली आहे. त्यावर देशात वादही चालू आहे. तेथल्या आदिवासींचे काय, जंगलाचे काय, हे प्रश्न मोठे आहेत. त्यांच्या जोडीने एक लहान प्रश्नही आहे. ज्यांनी एकदा जंगलातून आणि दुसऱ्यांदा समुद्रातून आपली शेती उभी केली, त्यांच्या मुलानातवंडांच्या हाती कोणती जमीन राहणार? निर्णय करणाऱ्यांनी हा लहान प्रश्नही ऐकावा, एवढे म्हणण्याचा आपणां सर्वांना अधिकार आहे.

तर मंडळी, दूरच्या जागी शेती मांडणाऱ्यासाठी आजच्या बोलण्याचे सार थोडक्यात सांगतो. आधी पाणी साठवा, मग बी पेरा. आधी घराचे पोट, मग बाजार. विकायचे ते असे पिकवा, की जे बोटीची वाट पाहू शकेल. जमीन झाकून ठेवा, घर उंचावर बांधा, कागद दुसऱ्यापाशी ठेवा. जे आधीपासून तेथे राहतात त्यांना मान द्या आणि त्यांच्याकडून शिका. आणि शेजारी जोडा.

शिक्षक मित्रांना एक विनंती. उद्या वर्गात नकाशा काढाल, तेव्हा कन्याकुमारीवर थांबू नका. बोट आणखी खाली न्या. मुलांना सांगा, की तेथेही आपली माणसे माठाची भाजी लावतात, पन्हळीखाली हंडा ठेवतात आणि क्षितिजाकडे बघून बोटीची वाट पाहतात.